आजची पातळी

रोज संध्याकाळी सहाला
मी रेडिओवर करिबाची पातळी वाचते.
चारशे शहात्तर मीटर, पुढे दोन आकडे.
त्या दोन आकड्यांवर ठरतं
हरारेत कुणाच्या फ्रिजमधलं मटण टिकणार.
मग बाजारभाव, मग चुकलेल्या शेळ्या.

पहिला फोन बिंगाकडून, ठरलेला:
मुन्साका म्हातारा. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत,
आवाज मात्र धुतल्यासारखा.
"आकडा राहू दे, मुटिंटा. तो दिसला का?"

इथे 'तो' एकच.
न्यामिन्यामी. तोंड माशाचं, धड सापाचं,
लांबी सांगणाऱ्याच्या दोन हातांएवढी,
आणि सांगणारा कधी हात आखडत नाही.
भिंत बांधली तेव्हा तो वरच्या अंगाला होता,
बायको खालच्या.
जमीन हलली की आम्ही म्हणतो, आठवण आली वाटतं.
भूकंपमापकवाले वेगळं म्हणतात.
त्यांचंही ऐकतो.

हल्ली तो फार उठबस करतो माणसांत.
जाहिरातीत शेपटी वर करून फोनला रेंज देतो.
बिअरच्या टोपणावर डोळा मारतो.
फुटबॉलच्या मैदानात त्याच्या पोटात दोन पोरं असतात,
पुढे चोल्वे, मागे त्याचा मेहुणा.
मध्यंतरात चेन उघडून दोघं घाम पुसतात
आणि लहान मुलं किंचाळतात: देव फाटला!

भिंतीजवळ लुयांडो काठ्या कोरतो,
एका लाकडात अख्खा साप, वेटोळ्यात मोकळी कडी.
पर्यटक म्हणतात, अजून छोटा नाही का,
विमानात नेता येत नाही.
आता त्याने देव फूटभराचा केलाय.
"सात किलोंत बसायचं म्हणजे," लुयांडो म्हणतो,
"थोडं वाकावं लागतंच. त्यालाही."

मग गेल्या मंगळवारी तो व्हिडिओ.
कुणा पाहुण्याच्या ड्रोनने टिपलेला, अकरा सेकंद:
राखाडी पाणी, त्यात तीन उंचवटे, मग नाहीत.
पेपरने छापलं, 'परतला?'
प्रश्नचिन्ह बातमीपेक्षा जाड.
एक तज्ज्ञ म्हणाला ओंडका, दुसरा म्हणाला पाणघोडे.
मंत्रालयाने खुलासा केला
की वीजकपातीचा आणि कोणत्याही प्राण्याचा संबंध नाही.
आमच्या गल्लीत तो खुलासा
मेणबत्तीच्या उजेडात वाचला गेला.

त्या संध्याकाळी मी मुन्साकाला म्हटलं,
दिसला हो, साऱ्या देशाला दिसला!
पलीकडे बराच वेळ नुसत्या कोंबड्या.
"तो नव्हे गं. तो कसला दिसतोय, लाजरा आहे.
आमचा दगड. दळायचा.
सात वर्षांचा होतो. ट्रक आले.
ड्रायव्हर म्हणाला, माणसं चढवा, दगड नकोत.
आईने तो उंबराखाली पालथा घातला,
परत आल्यावर धुवायला नको म्हणून.
पाणी तिथवर खाली गेलंय म्हणतात.
तू व्हिडिओत बघ."

मी पाहिला. ऐंशी वेळा तरी.
नवव्या सेकंदाला, डाव्या कोपऱ्यात,
जिकडे कुणीच बघत नाही,
चिखलात काहीतरी गोल, फिकट.
दगड म्हणावा तर दगड.
पाणघोड्याची पाठ म्हणावी तर तीही.
मोठं केलं की नुसते चौकोन.

काल वर झांबियात पाऊस झाला.
आज आकडा चार सेंटिमीटरनी चढला,
स्टुडिओत टाळ्या पडल्या, कुणीतरी फँटा फोडला.
मी वाचला. दशांशापाशी जरा अडखळले.

फोन. "ऐकलं. बरं झालं, लायटी येतील."
मग कोंबड्या.
मग, "दिसला होता का पण?"

मी म्हटलं, पालथाच आहे.

मग बाजारभाव.
मग शेळी, तांबडी, डावा कान तुटका,
सियाबुवाच्या रस्त्यावर चुकलेली.